सर्व्हिस तिकीट पाकिटावरच राहू द्या



तिकीट संग्राहकांच्या या संमेलनाचा मी अध्यक्ष; ते नाशकात भरलं, याचा मला आनंद आहे. १९२६ पासून भारताची टपाल तिकिटं इथल्या प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. त्याआधी कित्येक दशकं ती लंडनच्या डी ला रू कंपनीकडून बोटीने येत.

आज मी सर्व्हिस तिकिटांविषयी, म्हणजे फक्त सरकारी टपालासाठीच्या तिकिटांविषयी, बोलणार आहे. कॅटलॉगात ती मागे असतात, आपल्या अल्बममध्येही शेवटच्या पानांवर. हे मला फार वर्षं खटकत आलं आहे.

कंपनी सरकारचं टपाल मुळात सरकारी कागदांसाठीच होतं. १७७४ मध्ये ते सर्वांना खुलं झालं, पण बड्या अधिकाऱ्यांची पत्रं नुसत्या सहीवर फुकट जात राहिली. सहीच्या आड घरगुती पत्रंही सुटत. इंग्लंडात १८४० साली एका पेनीचा दर आला तेव्हा ही सवलत बंद झाली. सरकारी टपालासाठी ‘व्ही. आर.’ अक्षरांचं काळं पेनी तिकीट तयारही झालं, मात्र ते वापरात आलं नाही. आपल्याकडे १ ऑगस्ट १८६६ रोजी राणीच्या नेहमीच्याच तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द बारीक इंग्रजी अक्षरांत, पुढे पूर्णविराम देऊन छापला गेला. छपाई कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फन प्रेसची. टपाल तिकिटांच्या जोडीला हुंडीची महसुली तिकिटंही वरचा-खालचा मजकूर कापून सरकारी टपालाला जुंपली. १८७४ पासून ‘ऑन एच. एम. एस.’ आलं.

संस्थानांनीही तीच वाट धरली. हैदराबादच्या तिकिटांवर उर्दूत ‘सरकारी’, त्रावणकोरच्या ‘ऑन एस. एस.’, म्हणजे सरकार सेवेत, कोचीनच्या ‘ऑन सी. जी. एस.’. होळकरांच्या इंदूरनेही सर्व्हिस तिकिटं काढली आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या सरकारी तिकिटांवर तर देवनागरी ठसा होता.

तिकीट छापणारं सरकार, विकत घेणारंही सरकार. मग पैसे या खिशातून त्या खिशात कशाला? माझ्या मते सगळं महत्त्व इथेच आहे. तिकीट आलं आणि प्रत्येक पत्राला किंमत आली. बारनिशीच्या कारकुनाला जावक टपालाबरोबर तिकिटांचाही हिशेब ठेवावा लागला. टपाल खात्याने कोणत्या कचेरीसाठी किती काम केलं, ते दिसू लागलं. राज्यकर्त्यानेही आपल्या पत्राचे पैसे मोजावेत, ही शिस्त मला मोठी वाटते. ती परक्या सरकारने लावली म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

आपल्या छंदात नाव आहे ते १९४८च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या ‘सर्व्हिस’ तिकिटाचं. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यातून चार तिकिटं आली आणि गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी प्रत्येकी अवघ्या शंभर प्रतींवर ‘सर्व्हिस’ उमटलं. २०१७ मध्ये दहा रुपयांच्या चार तिकिटांची सलग पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. ते तिकीट पाहताना माझंही मन भरून येतं. पण राज्य रोज कसं चाललं, हे त्यातून कळत नाही.

ते कळतं मामलेदार कचेरीच्या साध्या पाकिटावरून. अर्ध्या आण्याचं तिकीट, सुटणाऱ्या गावाचा शिक्का, मागे पोचल्याची तारीख, कोपऱ्यात जावक क्रमांक. महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई झाली, तेव्हा जुन्याच पाकिटावर पत्त्याची चिठ्ठी डकवून ते पुन्हा रवाना होई. वरची चिठ्ठी अलगद उचलली की खाली दुसऱ्याच कचेरीचा पत्ता सापडतो. आणि अशी पाकिटं आपणच पाण्यात भिजवतो! अर्ध्या आण्याचं तिकीट वहीत जातं, बाकीचा इतिहास मोरीत. कृपा करून हे थांबवा. तिकीट सोडवू नका, पाकिटाच्या कडा कापू नका, आतला कागद असेल तर तो तसाच आत राहू द्या.

माझी एक सूचना आहे. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक जिल्ह्याने निदान एक फ्रेम, म्हणजे सोळा पानं, फक्त सरकारी पाकिटांना द्यावी. पाकिटं स्वस्तातली चालतील, मळकी चालतील. प्रत्येकाखाली कचेरीचं नाव, वजन कळत असेल तर वजन, लावलेलं तिकीट आणि वाटेत लागलेले दिवस लिहावेत. कोणाला वाचताना मोडी अडली, तर मी मदतीला येईन.