कैचीचा बाक आणि एक किलोचे काल्पनिक वजन

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज घरी गेलात की माजघरात उभे राहून जरा वर पाहा. कौलारू घर असेल तर आढ्याशी एकमेकांना टेकलेले दोन वासे आणि त्यांचे पाय फाकू नयेत म्हणून खाली जखडलेली आडवी तुळई, असा त्रिकोण दिसेल. पत्र्याच्या शेडमध्ये हाच त्रिकोण लोखंडी अँगलचा असतो. आपला सुतार आणि फॅब्रिकेटर दोघेही त्याला कैची म्हणतात. पुस्तकातले नाव ट्रस.

भार आल्यावर ही कैची किती खाली येईल, म्हणजे तिला किती बाक येईल, हा प्रश्न डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना घाम फोडतो. मुले कोष्टक पाठ करतात, रकाने भरतात, आणि उत्तर चुकले की कुठे चुकले ते सांगता येत नाही. माझ्या मते हे कोष्टक दुकानाच्या खातेवहीसारखे वाचावे. कोणत्या खात्यावर किती तोटा पडला ते तिच्यात दिसते. नुसती शेवटची बेरीज पाहणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही.

पद्धतीचे नाव व्हर्च्युअल वर्क, मराठीत आभासी कार्य. मॅक्सवेलने 1864 साली आणि मोरने 1874 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कैच्यांसाठी ती मांडली. युक्ती अशी: खरा भार येण्यापूर्वी कैचीच्या शेंड्याला एक किलोचे वजन टांगले आहे अशी कल्पना करा. मग खरा भार आला. वासे किंचित आखूड झाले, तुळई किंचित लांबली, शेंडा खाली आला आणि त्याच्याबरोबर ते एक किलोही उतरले. एक किलो गुणिले उतरलेले अंतर, हे बाहेरचे काम. त्या एका किलोमुळे प्रत्येक अंगात जो बारीकसा जोर होता, तो गुणिले त्या अंगाच्या लांबीतला खरा फरक, हे आतले काम. दोन्ही सारखे. वजन प्रत्यक्षात कुठेच नाही, म्हणून आभासी.

आता पाटी-पेन्सिल घ्या. कैचीचा गाळा 8 मीटर, उंची 3 मीटर. म्हणजे प्रत्येक वासा 5 मीटर. पायथागोरसचा 3-4-5 मी मुद्दामच घेतला आहे. शेंड्यावर 2400 किलो भार धरू. खऱ्या छपरात भार वाशांवर पसरलेला असतो, पण तूर्त हिशेब सोपा राहू दे. प्रत्येक भिंतीवर 1200 किलो येतात. त्यावरून प्रत्येक वाशात 2000 किलो दाब आणि तुळईत 1600 किलो ताण निघतो. एका किलोच्या वजनाने वाशात पाच-षष्ठांश किलो दाब, तुळईत दोन-तृतीयांश किलो ताण. दाब उणे आणि ताण अधिक लिहिला, तर उणे गुणिले उणे अधिक होतात. अर्धा वर्ग इथेच घसरतो.

सगळी अंगे 10 चौरस सेंटिमीटर छेदाच्या पोलादाची समजा. पोलादाचा यंगचा गुणांक, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 लाख किलो. खरा जोर, आभासी जोर आणि लांबी यांचा गुणाकार करून छेद आणि गुणांक यांच्या गुणाकाराने भागा. दोन वाशांचे मिळून सुमारे 0.83 मिलिमीटर, तुळईचे 0.43. एकूण बाक 1.26 मिलिमीटर. अडीच टनांखाली जेमतेम सव्वा मिलिमीटर!

तुळईच्या जागी कुणी 16 मिलिमीटरची सळई लावली, तर छेद 2 चौरस सेंटिमीटर उरतो. सळई तुटणार नाही, पण तिच्या खात्यावरचा आकडा पाचपट, म्हणजे 2.1 मिलिमीटर होतो. बाक का वाढला ते खातेवहीने लगेच सांगितले.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. लांबीत फरक भारानेच पडतो असे नाही. तुळईच्या टोकाचा सांधा कुजून किंवा बोल्टाचे भोक मोठे होऊन तुळई 6 मिलिमीटर सरकली समजा. सूत्र तेच: दोन-तृतीयांश गुणिले 6, म्हणजे शेंडा 4 मिलिमीटर खाली. साऱ्या भाराने सव्वा मिलिमीटर, आणि एका ढिल्या सांध्याने चार! विश्वास बसत नसेल तर आठवीच्या मुलाने पडताळून पाहावे. पायथ्याचा अर्धा भाग 400 ऐवजी 400.3 सेंटिमीटर, वासा 500 चाच. वर्गमूळ काढा, उंची 299.6 येते.

आणि छपराची उंची 3 ऐवजी 1 मीटरच ठेवली, तर तुळईतला आभासी जोर दोन-तृतीयांशाऐवजी 2 होतो. तोच 6 मिलिमीटरचा ढिलेपणा शेंड्याला 12 मिलिमीटर खाली आणतो. आपल्या वाडवडिलांनी छपरे उभट बांधली ती पाणी निथळावे म्हणून. पण तोच उतार ढिल्या सांध्यालाही सांभाळून घेत आला. हल्ली पत्र्याची सपाट शेड स्वस्तात उभी राहते, तिचे सांधे मात्र जास्त चोख हवेत.

बाक आधी मोजला नाही तर काम अडते, याचे उदाहरण आपल्या रत्नागिरीजवळच आहे. कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल, उंची 64 मीटर. 1990 च्या दशकात तो बांधला तेव्हा काँक्रीटचा तुकडा एका टोकाला ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा, अशी रीत होती. ही कैची नव्हे, पोकळ पेटीसारखी तुळई. पण पुढचे टोक पुढच्या खांबापर्यंत पोहोचताना दरीवर अधांतरी असते. ते किती झुकेल हे आधी कागदावर निघाले पाहिजे, नाहीतर ते खांबाच्या माथ्यावर चढणार कसे?

आभासी किलो आडवेही लावता येते. ढाक्याला जन्मलेले इंजिनिअर फझलुर रहमान खान यांनी शिकागोच्या शंभर मजली जॉन हँकॉक इमारतीच्या बाहेरच्या अंगावर प्रचंड फुल्या काढल्या. जणू कैचीच उभी केली. वाऱ्याने अशी इमारत किती झुलेल हे काढायचे, तर माथ्यावर काल्पनिक वजन आडव्या दिशेने लावायचे. बाकी हिशेब आपल्या माजघरातलाच.

पालकहो, आपली कितीतरी मुले आखाती देशांत फिटर, वेल्डर म्हणून जातात. हात कसबी आहेत. पण अँगल किती जाडीचा हे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर ठरते, आणि ते ड्रॉइंग करणाऱ्याचा पगार वेगळा असतो. मधले अंतर तुम्ही आता ऐकलेल्या हिशेबाएवढे आहे. तेव्हा मुलगा किंवा मुलगी गणिताला घाबरते म्हणून दहावीनंतर वाट बदलण्याआधी, हे कोष्टक एकदा तिच्या शेजारी बसून भरा. तुम्हाला येत नसेल तर तिला तुम्हाला समजावायला सांगा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक काम. वर्गाच्या आढ्यापासून जमिनीवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत उंची मोजा. सुतळी पावसात आखडते, म्हणून बारीक तारेचा ओळंबा सोडा. मे महिन्यात एकदा मोजा, आणि सप्टेंबरात कौले भिजून जड झालेली असताना पुन्हा. तारीख घालून वहीत लिहा. चार-पाच मिलिमीटरांचा फरक दिसला तर आधी तुळईची दोन्ही टोके तपासायला सांगा, आणि ती पाहून होईपर्यंत त्या कैचीखालची बाके बाजूला सरकवा.