फाशीचा खांब आणि छापील चोपडी

अठराव्या शतकात लंडन शहरी फाशीचा दिवस हा जवळजवळ जत्रेचाच दिवस असे. वर्षातून साधारणतः आठ वेळा न्यूगेटच्या तुरुंगातून गाड्या निघत आणि भरवस्तीतून सुमारे तीन मैलांची वाट आक्रमून टायबर्नच्या वधस्थानी पोहोचत. गाडीत हात बांधलेला अपराधी असे, शेजारी धर्मोपदेशक असे आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसांची दाटी असे. त्या दाटीतून वाट काढीत बायका नि पोरे हाती छापील कागद घेऊन ओरडत हिंडत: ‘अमक्या अमक्याचे अखेरचे शब्द, त्याचे चरित्र आणि त्याची कबुली!’ ज्याचे अखेरचे शब्द विकले जात, तो पुष्कळदा अजून गाडीतच बसलेला असे. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४७ साली ‘उद्योग आणि आळस’ ही बारा चित्रांची माला प्रसिद्ध केली. तीतील टायबर्नच्या चित्रात अग्रभागी हीच कागद विकणारी बाई आहे. आळशी शिकाऊ कामगार अद्याप फाशीच्या खांबापर्यंत पोहोचलेला नाही. त्याची मरणवाणी मात्र बाजारात आली आहे.

या कागदांविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. चोरीदरोड्याच्या कथा ऐकण्याची हौस सर्वच देशांत आणि सर्वच काळी दिसते. परंतु अठराव्या शतकातील इंग्लंडात एक विशेष योग जुळून आला होता. त्याच काळात छपाई स्वस्त झाली, आणि त्याच काळात चोरीची शिक्षा अतिशय कठोर झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. १६८८ च्या सुमारास इंग्लंडात देहान्ताची शिक्षा असलेले गुन्हे पन्नासाच्या आसपास होते. विख्यात विधिज्ञ ब्लॅकस्टन याने १७६९ मध्ये ते मोजले तेव्हा त्यांची संख्या एकशे साठ भरली. पुढच्या शतकाच्या आरंभी ती दोनशेच्याही वर गेली. यांतले बहुतेक गुन्हे मालमत्तेविरुद्धचे होते. दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलणे हा १६९९ च्या कायद्याने देहान्ताचा गुन्हा ठरला. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरणे हाही १७१३ पासून तसाच गुन्हा झाला. राजमार्गावरील वाटमारीला तर मरण ठरलेलेच होते. आज आपण ज्याला पोलीस म्हणतो तसे दल मात्र लंडनमध्ये १८२९ पर्यंत नव्हते. चोर सापडण्याची शाश्वती नाही, म्हणून सापडलेल्याला इतकी भयंकर शिक्षा द्यावी की इतरांच्या काळजाचा थरकाप व्हावा, असा या कायद्यांमागचा विचार होता.

आता हा थरकाप घरोघरी पोहोचवायचा, तर छापील कागदाइतके सोयीचे साधन कोणते? ओल्ड बेलीच्या न्यायालयातील खटल्यांची इतिवृत्ते १६७४ पासून छापली जाऊ लागली होती. ती १९१३ पर्यंत निघत राहिली. न्यूगेटचा धर्मोपदेशक, ज्याला तेथे ‘ऑर्डिनरी’ म्हणत, तो फाशी गेलेल्यांची जीवनकथा आणि त्यांचे अंतिम वर्तन यांचा वृत्तान्त प्रसिद्ध करी. याखेरीज एकपानी पत्रके, लाकडी ठशांची ओबडधोबड चित्रे आणि लहान लहान चोपड्या होत्याच. सर्वांचा साचा एकच असे. मूल सालस आईबापांच्या पोटी जन्मते, धंदा शिकण्यासाठी एखाद्या कारागिराकडे राहते, रविवारची प्रार्थना चुकवू लागते, दारू आणि कुसंगती यांच्या नादी लागते, प्रथम लहानशी चोरी करते, मग मोठी, आणि शेवटी टायबर्न. अखेरीस तरुणांना उपदेश असे की, बाबांनो, माझे उदाहरण पाहून शहाणे व्हा.

पण येथे एक मेख होती. धर्मोपदेशकाला हा वृत्तान्त विकून जो पैसा मिळे, तो त्याच्या प्राप्तीचा मोठा भाग होता. तेव्हा कैद्याची कबुली ही त्याच्या आत्म्याच्या उद्धारासाठी हवी की छापखान्यासाठी, असा प्रश्न त्या काळीही लोक विचारीत. कैद्यांनाही आपल्या कथेची किंमत कळे. कोणी ती धर्मोपदेशकापासून राखून ठेवी आणि दुसऱ्या प्रकाशकाला देई. वाचकाला तर उपदेशापेक्षा साहसातच रस होता. चोपडीचे शेवटचे पान नीतीचे असले, तरी आधीची सगळी पाने कुलपे, दोर, घोडे नि पिस्तुले यांनी भरलेली असत.

जॅक शेपर्ड या तरुणाची हकिकत याची उत्तम साक्ष देते. १७०२ मध्ये जन्मलेला हा मुलगा सुताराकडे शिकाऊ होता. सात वर्षांची उमेदवारी संपावयास वर्षही उरले नसताना तो काम सोडून घरफोडीकडे वळला. १७२४ या एकाच वर्षात तो चार वेळा बंदिवासातून निसटला. शेवटच्या खेपेस, ऑक्टोबर महिन्यात, त्याला न्यूगेटच्या सर्वांत बळकट खोलीत बेड्या घालून जमिनीला जखडले होते. तरीही धुराड्यातून वर चढून, एकामागून एक दारे फोडून तो छपरावर पोहोचला. खाली उतरावयास काही हवे, म्हणून पांघरूण आणण्यासाठी तो पुन्हा आपल्या कोठडीपर्यंत मागे गेला, आणि मग पलीकडच्या घराच्या गच्चीवर उतरून पसार झाला. सुताराचे शिक्षण असे कामी आले. पुन्हा पकडल्यावर त्याला पाहण्यासाठी तुरुंगात लोकांची रीघ लागली. तुरुंगाचे रखवालदार त्याबद्दल पैसे घेत. सर जेम्स थॉर्नहिल या राजचित्रकाराने त्याचे चित्र काढले. १६ नोव्हेंबर १७२४ रोजी तो फाशी गेला, तेव्हा त्याची चरित्रे विक्रीला तयार होती. कायद्याने त्याला धडा म्हणून टांगले, आणि लोकांनी त्याला नायक म्हणून घरी नेले.

छापील कागदाचा दुसरा उपयोग जोनाथन वाइल्ड याने दाखवून दिला. वाटमाऱ्याला पकडून दोषी ठरवणाऱ्यास १६९२ च्या कायद्याने चाळीस पौंडांचे इनाम होते. साध्या मजुराला ही रक्कम मिळवण्यास वर्षाहून अधिक काळ राबावे लागे. वाइल्ड हा चोर पकडण्याचा धंदा करी आणि स्वतःला ‘चोर पकडणाऱ्यांचा सरसेनापती’ म्हणवी. प्रत्यक्षात चोरांच्या टोळ्या त्याच्याच हाताखाली होत्या. माल चोरीला गेला की मालक त्याच्या कचेरीत येई. वर्तमानपत्रात जाहिरात झळके की अमुक वस्तू ‘हरवली’ असून आणून देणाऱ्यास बक्षीस मिळेल, कोणतीही विचारपूस होणार नाही. वस्तू परत येई, आणि बक्षिसाचा वाटा वाइल्डकडे जाई. जो चोर त्याचे ऐकत नसे, त्याला तो पकडून देई नि चाळीस पौंड मिळवी. शेपर्डच्या पकडण्यातही त्याचा हात होता. अखेर ज्या प्रकारच्या व्यवहारासाठी १७१८ मध्ये कायदा झाला होता, त्याच व्यवहारात, चोरीची लेस परत मिळवून देण्याबद्दल दहा गिनी घेतल्याच्या आरोपावरून, तो दोषी ठरला. खटल्याच्या वेळी त्याने ज्यूरीच्या सभासदांत एक छापील यादी वाटली होती: आपण आजवर साठांहून अधिक गुन्हेगारांना कसे शिक्षेस पोहोचवले, याची! तिचा उपयोग झाला नाही. २४ मे १७२५ रोजी तोही टायबर्नला गेला.

तीन वर्षांनी जॉन गे याचे ‘बेगर्स ऑपेरा’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि पहिल्याच हंगामात त्याचे बासष्ट प्रयोग झाले. त्यातला चोरीचा माल घेणारा पीचम पाहून प्रेक्षकांना वाइल्ड आठवला, आणि वाइल्ड पाहून त्या वेळचे प्रधानमंत्री वॉलपोल आठवले. मोठ्या चोराला मान आणि लहान चोराला फास, हा त्यातला टोला सर्वांना समजला. मराठी रसिकांना ही कथा अगदी परकी नाही. याच नाटकावरून १९२८ मध्ये ब्रेश्तने आपले नाटक रचले, आणि त्यावरून १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आपल्या रंगभूमीवर अवतरला.

तिसरे नाव डिक टर्पिनचे. काळ्या घोडीवरून एका रात्रीत लंडनहून यॉर्क गाठणारा दिलदार वाटमाऱ्या म्हणून तो जगाला ठाऊक आहे. ही दौड त्याने कधीच केली नाही. एन्सवर्थ या कादंबरीकाराने १८३४ मध्ये ती त्याच्या नावावर चढवली. खरा टर्पिन एसेक्समधला खाटीक होता. त्याच्या टोळीने एकाकी घरांत शिरून म्हाताऱ्या माणसांचे हाल केले होते आणि १७३७ मध्ये त्याने एका माणसाचा खून केला होता. पुढे तो पामर हे नाव घेऊन यॉर्कशायरमध्ये राहिला आणि भररस्त्यात कोणाचा तरी कोंबडा गोळी घालून मारल्यामुळे पकडला गेला. तुरुंगातून त्याने मेव्हण्याला पत्र लिहिले. त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. मेव्हण्याने तो देण्यास नकार दिला. पत्र टपालकचेरीत पडून राहिले, आणि ज्या शिक्षकाने टर्पिनला लिहावयास शिकवले होते, त्याच्याच नजरेस ते अक्षर पडले. त्याने ते ओळखले. ७ एप्रिल १७३९ रोजी, घोडे चोरल्याच्या आरोपावरून, टर्पिनला यॉर्क येथे फाशी देण्यात आले. मरणापूर्वी त्याने नवा कोट शिवून घेतला होता आणि शोक करण्यासाठी पाच माणसे भाड्याने ठरवली होती. आपली भूमिका कशी वठवावी, हे तोही जाणत होता.

श्रोतेहो, हा परिणाम राज्यकर्त्यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. कादंबरीकार हेन्री फील्डिंग हा बो स्ट्रीटचा दंडाधिकारीही होता. लुटारूंच्या वाढीची कारणे शोधणारा प्रबंध त्याने १७५१ मध्ये लिहिला. टायबर्नची मिरवणूक ही अपराध्याच्या लाजेचा नव्हे, तर गौरवाचा दिवस ठरते, हे त्याने स्पष्ट सांगितले. फाशी त्वरेने, गंभीरपणे आणि गर्दीपासून दूर व्हावी, असे त्याचे मत होते. मिरवणूक १७८३ मध्ये बंद झाली. पण उघड्यावरची फाशी बंद होण्यास १८६८ साल उजाडले.

याहून महत्त्वाची गोष्ट ज्यूरीच्या खोलीत घडत होती. तेथे बसणारे दुकानदार आणि कारागीर हेच या चोपड्यांचे वाचक होते. समोर एखादी मोलकरीण उभी असे, तिच्यावर मालकिणीचे कपडे चोरल्याचा आरोप असे, पुरावा स्वच्छ असे. पण चाळीस शिलिंग म्हटले की तिचा जीव जाणार. मग ज्यूरी गंभीर चेहऱ्याने निर्णय देई की, मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग! ब्लॅकस्टनने या असत्याला पुण्यप्रद असत्य म्हटले आहे. अनेक फिर्यादी तर न्यायालयाची पायरीच चढत नसत. पुष्कळांची फाशी रद्द होऊन त्यांना समुद्रापार पाठवण्यात येई. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात मरण, आणि व्यवहारात सोडत. कोणाचा जीव जाईल आणि कोणाचा वाचेल, हे अपराध्याला आधी कळण्याचा मार्ग नव्हता. अशा कायद्याचा धाक जुगारातल्या फाशासारखा असतो. खेळणाऱ्याला नेहमी आपणच सुटू असे वाटते.

शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हा सिद्धान्त इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्ये मांडला. सॅम्युएल रोमिली याने १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द करून घेतली, आणि पुढील तीस वर्षांत तो जुना डोलारा बहुतांशी कोसळला. त्यानंतरच्या विचारांतून आपल्या देशाची दंडसंहिता निर्माण झाली, हे आपण विसरू नये. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, कायदा १८६० चा. त्यात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, मृत्यू नव्हे. राजमार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केलेल्या जबरी चोरीस मात्र चौदा वर्षांपर्यंत कैदेची वेगळी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, आणि रात्रीच्या रस्त्याविषयीची ती तरतूद तिच्यातही कायम आहे.

ओल्ड बेलीचे सुमारे एक लाख सत्त्याण्णव हजार खटले आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. ते चाळताना एक गोष्ट मनाला लागते. शेपर्ड आणि टर्पिन हे अपवाद होते. बहुतेक नावे अशांची आहेत, ज्यांची चोपडी कोणी काढली नाही: चांदीचा चमचा उचललेली मुलगी, कापडाचा तुकडा लपवलेली विधवा, मालकाच्या गल्ल्यात हात घातलेला पोर. त्यांची सारी कथा इतिवृत्ताच्या तीनचार ओळींत संपते, आणि शेवटी एका शब्दात निकाल असतो. छापील चोपडीने शूर चोराला अमर केले. उपाशी चोराकडे पाहण्यास तिला सवड नव्हती. शिक्षेचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने, आपल्या समाजानेही, आधी या तीनचार ओळी वाचाव्यात. कायद्याचा बहुतेक भार त्यांच्यावरच पडत असतो.