रिकाम्या जागेचं गणित



आजच्या विषयाचा सगळा नियम दोन वाक्यांत सांगून होतो. घरांची एक ओळ आहे आणि एका घरात फार तर एक सोंगटी राहते. सोंगटी फक्त पुढच्या घरात सरकू शकते, तेही ते घर रिकामं असेल तरच. ओलांडून जायचं नाही, मागे फिरायचं नाही, धक्का द्यायचा नाही. कोणती सोंगटी कधी हलेल हे चिठ्ठीवर सोडायचं. एका घराची चिठ्ठी निघाली, तिथे सोंगटी असली आणि पुढे जागा असली तर ती एक घर सरकते. नाही तर काहीच होत नाही, पुढची चिठ्ठी काढायची.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले गणिती फ्रँक स्पिट्झर यांनी १९७० साली या प्रकारच्या खेळांचा शुद्ध गणित म्हणून पाया घातला. मौज अशी, की त्याआधी दोनच वर्षं, १९६८मध्ये, मॅकडॉनल्ड, गिब्ज आणि पिपकिन यांनी हाच खेळ पेशीच्या आत मांडला होता. पेशीतला रायबोसोम आरएनएच्या धाग्यावरून तीन-तीन अक्षरांचं एकेक पाऊल टाकत जातो आणि प्रथिन विणतो. एका धाग्यावर एका वेळी अनेक रायबोसोम असतात. पुढचा अडला की मागचा थांबतो. ओलांडायची सोय नाही. एकाला संभाव्यतेचं कोडं सोडवायचं होतं, दुसऱ्यांना प्रथिनं किती वेगाने तयार होतात हे हवं होतं. दोघं एकाच दारात येऊन उभे राहिले.

आता समजा, या सभागृहातल्या पहिल्या रांगेत एकच खुर्ची रिकामी आहे. तिच्या डावीकडचे गृहस्थ उजवीकडे सरकले, मग त्यांच्या डावीकडच्या बाई सरकल्या. माणसं एकेक खुर्ची उजवीकडे गेली. रिकामी खुर्ची मात्र डावीकडे चालत निघाली. गर्दी दाट असते तेव्हा खरी हालचाल रिकाम्या जागेची असते. सोंगट्या आणि रिकामी घरं यांची अदलाबदल केली, तर खेळ तोच राहतो, फक्त दिशा उलटते. पुढचं जवळजवळ सगळं गणित या एका निरीक्षणाच्या आधाराने चालतं.

ओळ वळवून तिचं वर्तुळ करू, म्हणजे टोकांची कटकट नको. खेळ पुष्कळ वेळ चालला, तर कोणती मांडणी जास्त दिसेल? सोंगट्या एकमेकींना चिकटलेल्या, की ऐसपैस पसरलेल्या? उत्तर असं आहे की प्रत्येक मांडणी सारख्याच वेळा येते. याची सिद्धता फळ्यावर काही न लिहिता सांगता येते, म्हणून मला ती फार आवडते. कुठल्याही मांडणीत सोंगट्यांचे घोळके असतात. एकटी सोंगटी म्हणजे एकीचाच घोळका. हलू शकते ती फक्त घोळक्याची म्होरकी. म्हणजे या मांडणीतून बाहेर पडायच्या वाटा घोळक्यांइतक्या. आणि या मांडणीत आपण आलो कुठून? नुकतीच हललेली सोंगटी मागे रिकामं घर सोडून आली, म्हणजे ती आता कुठल्यातरी घोळक्याच्या शेपटाशी आहे. आत यायच्या वाटाही घोळक्यांइतक्याच! जेवढं जातं तेवढंच येतं, त्यामुळे कुणाचंच पारडं जड होत नाही.

एवढं कळलं की प्रवाह काढणं सोपं. हालचाल व्हायला एक घर भरलेलं आणि पुढचं रिकामं हवं. घरं पुष्कळ असतील तर याची शक्यता म्हणजे घनता गुणिले उरलेली रिकामी जागा. वीस टक्के घरं भरलेली असतील, तर ०.२ गुणिले ०.८, म्हणजे ०.१६. ऐंशी टक्के भरली तरी तेच ०.१६. निम्मी भरली की ०.२५, आणि हाच कळस. त्यापुढे घातलेली प्रत्येक सोंगटी एकूण वाहतूक कमी करते. गर्दीची लाट कुठे जाते तेही यातूनच निघतं: निम्म्याहून कमी घनता असेल तर ती पुढे सरकते, जास्त असेल तर मागे. सोंगट्या मात्र सगळा वेळ पुढेच चाललेल्या असतात.

वर्तुळ तोडून पुन्हा ओळ केली की खेळाचा रंग पालटतो. डावीकडून काही दराने सोंगट्या आत सोडायच्या, उजवीकडून काही दराने बाहेर काढायच्या. आत येण्याचा दर कमी असेल तर सगळी ओळ विरळ राहते. बाहेर पडण्याचा दर कमी असेल तर दारापासून थेट प्रवेशापर्यंत ओळ तुंबते. दोन्ही दर सोंगटी सरकण्याच्या दराच्या निम्म्याहून जास्त असतील तर दारं कितीही उघडा, प्रवाह पाव भागावरच अडतो. मधल्या घरांचे नियम जराही न बदलता, केवळ टोकांवरून आतली अवस्था ठरते. योआखिम क्रूग यांनी हे १९९१मध्ये दाखवलं. १९९३मध्ये देरिदा, इव्हान्स, हाकिम आणि पास्क्विए यांनी पूर्ण उत्तर काढलं. भरलेल्या घरासाठी एक मॅट्रिक्स, रिकाम्यासाठी दुसरी, आणि ओळीतल्या क्रमानेच त्यांचा गुणाकार. या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे त्यांची बेरीज, असा नियम पाळला की बाकीचं उलगडत जातं. दोन्ही दर सारखे आणि निम्म्याहून कमी असतील, तेव्हा विरळ आणि दाट भागांमधली सीमा ओळभर भटकत राहते. कोंडीचं टोक आता कुठे आहे, या प्रश्नाला तिथे ठरावीक उत्तरच नसतं.

यात मुंबईचा वाटा आहे. हान्स बेथे यांनी १९३१मध्ये चुंबकाच्या प्रश्नासाठी काढलेली युक्ती या खेळालाही लागू पडते, हे १९८७मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दीपक धर यांनी दाखवलं. भरलेलं घर म्हणजे उतार आणि रिकामं घर म्हणजे चढ असं मानलं, तर सोंगट्यांची ओळ म्हणजे एक खडबडीत पृष्ठभाग होतो. सोंगटी सरकली की दरीची टेकडी होते आणि पृष्ठभाग थोडा वर येतो. धर यांना २०२२चं बोल्ट्झमन पदक मिळालं, ते अर्थात त्यांच्या एकूण कामासाठी.

आता रस्त्यावर येऊ. १९९२मध्ये जर्मनीत काई नागेल आणि मायकेल श्रेकेनबर्ग यांनी महामार्गाची साडेसात मीटरची घरं पाडली. गाडी एका सेकंदात शून्य ते पाच घरं जाऊ शकते. पाच घरं म्हणजे ताशी १३५ किलोमीटर. नियम चार: वेग एकाने वाढवा, पुढे जितकी मोकळी घरं असतील त्याहून जास्त वेग ठेवू नका, मधूनमधून उगाच एकाने कमी करा, मग गाडी पुढे न्या. सगळी गंमत तिसऱ्या नियमात आहे. तो काढला तर बेताच्या गर्दीत रस्ता सुरळीत वाहतो. तो ठेवला की अपघात नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही, तरी कोंडी तयार होते आणि मागे-मागे सरकत जाते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या सारख्या अंतराने चालवल्या. थोड्या वेळाने कोंडी आपोआप झाली आणि ताशी वीसेक किलोमीटर वेगाने उलट दिशेने फिरू लागली. कोंडीला कुणीतरी गुन्हेगार लागतोच, ही आपली समजूत या प्रयोगानंतर सोडायला हरकत नाही.

सोंगट्यांचं हे प्रारूप पुण्याच्या रस्त्याला जसंच्या तसं लावू नये. लोहमार्गावर ते चपखल बसतं, कारण ब्लॉक पद्धतीत एका टप्प्यात एकच गाडी हा नियम सिग्नलच पाळायला लावतो. पण टिळक रस्त्यावर दोन मोटारींमध्ये जागा झाली की ती मागे सरकायच्या आत बाजूने एक स्कूटर तिच्यात शिरते. घरं लहान करायची, मोटारीला अनेक आणि स्कूटरला थोडी द्यायची, आडवं सरकायलाही परवानगी द्यायची, असं करता येतं. मिश्र वाहतुकीची प्रारूपं अशीच बांधतात. मग मात्र घोळक्यांच्या मोजणीची ती सिद्धता हातातून जाते आणि संगणकावर गाड्या चालवून पाहण्यावाचून इलाज उरत नाही.