मोफत साधने आणि आपला वर्ग

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटरनेटवर शिक्षणाची जी साधने विनामूल्य मिळतात त्यांचा आपल्या वर्गात उपयोग कसा करावा, एवढाच आजचा माझा विषय आहे. विषय साधा दिसतो. परंतु मानखुर्द-गोवंडीच्या वस्तीत तो घरखर्चाचा आणि मुलांच्या भवितव्याचा प्रश्न होऊन बसला आहे. रोजंदारीवर घर चालविणारा बाप मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून हप्त्यांवर टॅब घेतो, त्यावरील ॲपची वर्गणी भरतो आणि मूल मात्र गणितात होते तिथेच राहते, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. आपण पालक असाल तर अशी खरेदी करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे. जे आपण विकत घेऊ पाहता त्यांतील पुष्कळसे फुकट उपलब्ध आहे. उणीव साधनांची नाही. ते साधन मुलाच्या भाषेत मुलापर्यंत पोहोचविणाऱ्या माणसाची आहे.

प्रथम, काय काय उपलब्ध आहे ते पाहू. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या आपल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि ती मराठीप्रमाणे उर्दूतही आहेत. पुस्तकाच्या पानावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा जो चौकोन दिसतो त्यास क्यूआर कोड म्हणतात. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा चौकोन तयार केला. आज तोच चौकोन आपल्या मुलांच्या दप्तरात आहे. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपमधून तो टिपला की त्या पाठासंबंधीचे साहित्य समोर येते. त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. तथापि आपल्या मुलाच्या पुस्तकातील हा चौकोन आपण कधी उघडून पाहिला आहे काय? पालकसभेत हा प्रश्न विचारला की फार थोडे हात वर होतात.

हा चौकोन पाठ्यपुस्तकात येण्यामागे महाराष्ट्रातील एका शिक्षकाची खटपट आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तके मुलांच्या घरच्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घालून कविता व पाठ ऐकण्याची, पाहण्याची सोय केली. २०१७ साली राज्य सरकारने हीच पद्धत राज्यातील पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या गोष्टीत मला महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. आधी मुलांची भाषा पाहिली गेली, यंत्र त्यानंतर आले.

हाच धडा आपल्या मानखुर्दनेही दिला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. विज्ञान ऑलिम्पियाडसाठी देशभरची हुशार मुले तेथे येतात. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्याच्या दारावरून जातात आणि आत काय चालते याची चौकशी करीत नाहीत. या केंद्राने १९८० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतील मागासवर्गीय मुलांबरोबर काम केले. त्या मुलांना बुद्धी कमी नव्हती. पुस्तकातील अवघड भाषा हा त्यांच्या वाटेतील मोठा अडसर होता, असे त्या कामातून दिसून आले. आज ह्या केंद्राच्या ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि ‘विज्ञान प्रतिभा’ या उपक्रमातील आठवी ते दहावीचे पाठ संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले आहेत.

आमच्या वर्गात हा भाषेचा अडसर रोज दिसतो. मूल घरी हिंदी-उर्दू मिसळून बोलते, गल्लीत बंबइया बोलते, आणि पुस्तकात ‘विभवांतर’ हा शब्द वाचते. मूल तो शब्द पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विसरून जाते. आठवीच्या धाराविद्युतच्या पाठाला मी हा शब्द बाजूस ठेवून प्रथम पाण्याची टाकी घेतो. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला जोर, हे आपल्या वस्तीतील मुलांना समजावून सांगावे लागत नाही. पाण्याच्या ठिकाणी करंट आणि उंचीतील फरकाच्या ठिकाणी विभवांतर, एवढे जुळले की मग मी ‘फेट’ नावाचे साधन काढतो. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा उपक्रम सुरू केला. त्यात पडद्यावर तार, सेल आणि दिवे जोडून प्रयोग करता येतात. ते मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते.

आता हे साधन कसे वापरावे ते सांगतो, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. दोन दिवे एकसर जोडणीत जोडले तर प्रकाश वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? पडदा दाखविण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले उत्तर वहीत लिहिलेच पाहिजे. मग वर्गात हात वर करून मोजणी होते, मतभेद होतात, थोडी भांडणेही होतात. त्यानंतर पडद्यावर जोडणी करून दाखवावयाची: एकसर जोडणीत दोन्ही दिवे मंद होतात, तर समांतर जोडणीत प्रत्येक दिवा एकट्या दिव्याइतकाच प्रकाश देतो. घरात एक दिवा बंद केला तरी पंखा चालूच का राहतो, हे मुलांच्या तेव्हा आपोआप ध्यानात येते. शेवटी बाजारातील साधे सेल व छोटे बल्ब घेऊन तोच प्रयोग हाताने करावयाचा. पडद्यावर पाहिलेले हाताने करून पाहिल्याशिवाय ते मुलाचे होत नाही.

यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती फोन देण्याची गरज नाही. शिक्षकाचा एक फोन आणि संस्थेचा एक प्रोजेक्टर साठ मुलांच्या वर्गाला पुरतो. हे मी मुद्दाम सांगतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने घरी अभ्यास पाठविण्याची योजना काढली. हेतू चांगला होता. परंतु घरात फोन एकच, तो अब्बांबरोबर कामावर गेलेला. संध्याकाळी परत आला की आधी भाईजानच्या हाती, आणि बहिणीची पाळी येईतो डाटा संपलेला. अभ्यास मोफत होता, पण त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता मोफत नव्हता. त्या दिवसांत ज्या मुली मागे पडल्या त्यांतील काही पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. वर्गातील एका पडद्यासमोर मात्र मुलगा आणि मुलगी सारखीच बसतात, आणि कोणाचेही रिचार्ज संपत नाही.

दुसऱ्या एका उदाहरणाकडे आपले लक्ष वेधतो. सलमान खान म्हटले की आपल्याला सिनेनट आठवतो. पण अमेरिकेत ह्याच नावाचे एक गृहस्थ आहेत, ज्यांचे वडील मूळचे बांगलादेशातील. २००४ साली त्यांनी नात्यातल्या एका शाळकरी मुलीला दुसऱ्या शहरातून गणित शिकविण्यास सुरुवात केली. नात्यातील आणखी मुले शिकू लागली, तेव्हा त्यांनी धडे चित्रित करून इंटरनेटवर ठेवले. पुढे त्यातूनच खान ॲकॅडमी ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज तिचे धडे जगभर मोफत पाहिले जातात. ह्या साऱ्याचा आरंभ एका मुलीची अडचण ओळखणाऱ्या एका माणसापासून झाला, हे आपण ध्यानात ठेवावे.

सावधगिरीचे दोन शब्दही सांगतो. इंटरनेटवरील प्रत्येक गोष्ट खरी नसते. शिक्षकाने प्रत्येक चित्रफीत वर्गात दाखविण्यापूर्वी स्वतः शेवटपर्यंत पाहिली पाहिजे. माहिती पडताळण्यासाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि तोही आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. अलीकडे प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. म्हणून माझ्या वर्गात नियम असा आहे की, आधी आपले उत्तर वहीत, मग यंत्राचे उत्तर फळ्यावर, आणि दोहोंत फरक का पडला याची चर्चा.

शेवटी संस्थेकडे आणि आपणांकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शाळेत इयत्तावार साहित्य उतरवून एका पेनड्राइव्हमध्ये ठेवावे, म्हणजे इंटरनेट नसले तरी तास अडणार नाही. दुसरी, दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास प्रोजेक्टरची खोली उघडी ठेवावी आणि त्यात आठवी-नववीच्या मुलींना प्रथम जागा द्यावी, कारण शाळा सुटण्याचा धोका ह्याच वयात अधिक असतो. तिसरी विनंती पालकांना: टॅबचा पुढचा हप्ता ठरविण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन आम्हांस विचारावे. पाठ्यपुस्तकातील तो चौकोन कसा उघडावयाचा हे आम्ही आपणांस पाच मिनिटांत दाखवू. ज्या अम्मींना वाचता येत नाही त्यांनीही यावे; मुलाने काय पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकण्यास अक्षरओळख लागत नाही.