मालमोटारीच्या पोटांतील चूक

आज सकाळीं आपल्या घरीं भाजी आली असेल, पाव आला असेल, मुलांच्या वह्या आल्या असतील. ह्या वस्तु आपल्या दारापर्यंत कशा पोंचतात याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. कोणीतरी रात्रभर जागून, चक्र हातीं धरून, तो माल शहरांत आणलेला असतो. त्या माणसाचा संसार एका यंत्रावर चालतो. तें यंत्रच जर जन्मतः दुबळें निपजलें तर काय होतें, याची एक खरी हकीगत मी आज सांगणार आहें. ती अमेरिकेंतील आहे. पण तिच्यांतून निघणारा प्रश्न कोणत्याहि देशांतील गिऱ्हाइकाचा आहे.

शिकागो शहराजवळ मालमोटारी बांधणारी नॅव्हिस्टार नांवाची कंपनी होती. १९०२ सालीं स्थापन झालेली इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतकीच्या यंत्रांची प्रख्यात कंपनी तिची पूर्वज. १९८६ सालीं तिनें हें नवें नांव धारण केलें. अशा घराण्याचा माल घेतांना गिऱ्हाईक फारशी शंका घेत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

आतां थोडें एंजिनाविषयीं. डीझेल एंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप अतिशय तापते, आणि तींत तेलाचा फवारा शिरतांच ठिणगीवांचून भडका उडतो. ह्या प्रखर उष्णतेंत हवेंतील नत्रवायु व प्राणवायु यांचा संयोग होऊन घातक वायु निर्माण होतात. शहरांतील विषारी धुकें आणि फुप्फुसांचे विकार यांस हे वायु कारण होतात. उष्णता कमी केली तर हे वायु घटतात. पण ज्वलन अपुरें राहून काजळी वाढते. एकास दाबावें तर दुसरें डोकें वर काढतें, अशी ही अडचण आहे.

अमेरिकन सरकारनें हवेच्या शुद्धतेसाठीं कायदा अधिकाधिक कडक केला. २०१० सालापासून अवजड मालमोटारींच्या नव्या एंजिनांतून दर अश्वशक्तीमागें तासाला फक्त ०.२० ग्रॅम इतकेच हे वायु बाहेर पडावे, असें ठरलें. हा नियम २००१ सालींच जाहीर झालेला असल्यामुळें कारखानदारांना तयारीस भरपूर अवधि होता. त्यांच्यापुढें मुख्यतः दोन मार्ग होते. पहिला असा कीं, एंजिनास सुखानें जळूं द्यावें आणि बाहेर पडणाऱ्या धुरावर युरियाचें द्रावण शिंपडावें. त्यापासून अमोनिया होऊन घातक वायूंचें रूपांतर निरुपद्रवी नत्रवायु व पाणी यांत होतें. मात्र त्यासाठीं निराळी टांकी लागते, आणि ती वरचेवर भरावी लागते. दुसरा मार्ग असा कीं, निघालेल्या धुराचाच कांहीं भाग थंड करून पुन्हां एंजिनांत सोडावयाचा, म्हणजे आंतील उष्णताच उतरते.

इतर मोठ्या कारखानदारांनीं युरियाचा मार्ग पत्करला. नॅव्हिस्टारनें मात्र दुसऱ्या मार्गावर सारी भिस्त ठेवली. ‘मॅक्सफोर्स’ नांवाचीं अकरा व तेरा लिटरचीं एंजिनें तिनें बाजारांत आणलीं आणि ‘आमच्या मोटारीस युरियाची दगदग नाहीं’ अशी जाहिरात केली. पण तीं एंजिनें ०.२० ची मर्यादा गांठूं शकलीं नाहींत, तीं ०.५० च्या आसपास राहिलीं. पूर्वी नियमापेक्षां स्वच्छ एंजिनें विकून मिळविलेल्या सरकारी सवलतींची जी पुंजी होती, तिच्यांतून हा फरक भरून काढला जात होता. पुंजी म्हटली म्हणजे ती कधीं ना कधीं संपावयाचीच.

इकडे रस्त्यावर काय घडत होतें? मालकांनीं पुढें न्यायालयांत जी तक्रार मांडली, ती थोडक्यांत अशी. परत फिरविलेला धूर थंड करणाऱ्या उपकरणावर उष्णतेचा अतोनात भार पडे; त्यास चिरा जात आणि आंतील पाणी गळे. काजळी सांठून गाळणी तुंबे. मग धोक्याचे दिवे लागत, एंजिनाची शक्ति उतरे, आणि भरलेली मोटार रस्त्याच्या कडेला उभी राही. दुरुस्ती करून आणलेली मोटार पुन्हां त्याच दुखण्यानें कारखान्यांत जाई.

हमीच्या मुदतींत दुरुस्ती फुकट होते, मग तक्रार कशाची, असें कोणास वाटेल. पण कर्ज काढून एकच मोटार घेणाऱ्या मालक-चालकाची स्थिति पाहा. मोटार ओढून नेण्याचें भाडें, बुडालेली खेप, उशीरामुळें तुटलेलें गिऱ्हाईक, हें कोणत्या हमींत येतें? मोटार कारखान्यांत पडून राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. आणि अशी वरचेवर बिघडणारी मोटार विकावयास काढावी, तर तिला किंमत येत नाहीं.

२०१२ सालीं प्रकरण निकरास आलें. जानेवारींत सरकारी खात्यानें दर एंजिनामागें १,९१९ डॉलरपर्यंत दंड भरून अशीं एंजिनें विकण्याची तात्पुरती मुभा दिली. ज्यांनीं पैसा खर्चून नियम पाळला होता, त्या प्रतिस्पर्ध्यांनीं साहजिकच न्यायालयाकडे धांव घेतली, आणि जूनमध्यें वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें ती मुभा रद्द ठरविली. जुलैंत कंपनीनें युरियाचा मार्ग स्वीकारल्याचें जाहीर केलें. ऑगस्टमध्यें तिचे प्रमुख डॅनिएल उस्टियन पायउतार झाले. ह्या एंजिनांच्या सरकारी मान्यतेविषयीं भागीदारांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०१६ सालीं कंपनीनें, आरोप मान्य वा अमान्य न करतां, ७५ लाख डॉलर भरले.

आतां गिऱ्हाइकांस काय मिळालें तें पाहूं. २०११ ते २०१४ या सालांच्या सुमारें ६६ हजार मोटारींच्या मालकांतर्फे शिकागोच्या न्यायालयांत एकत्रित दावा चालला. कंपनीनें आपला दोष कबूल केला नाहीं; पण १३ कोटि ५० लाख डॉलरांची तडजोड झाली, आणि २०२० च्या जानेवारींत तिला अंतिम मान्यता मिळाली. त्यांतील ८ कोटि ५० लाख रोख होते; उरलेले नव्या मोटारीच्या खरेदींत सूट म्हणून. ज्या कंपनीच्या मोटारीनें पोळलें, तिचीच दुसरी मोटार घेण्याची ही सूट! रकमेची सरासरी काढली तर मोटारीमागें दोन हजार डॉलरांहून थोडे अधिक पडतात.

टेनेसी संस्थानांतील एका वाहतूक कंपनीनें स्वतंत्र दावा लावला होता. २०१७ सालीं ज्यूरीनें तिला ३ कोटि ८ लाख डॉलर देवविले. पण वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला, आणि २०२१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच कायम केलें. जाणत्या व्यापाऱ्यांनीं करार करून घेतलेल्या मालाच्या गुणदोषांचा वाद कराराच्या चौकटींतच सुटला पाहिजे, हें त्याचें तात्पर्य. म्हणजे हमीपत्रावर जें छापलें होतें, तेंच अखेर भारी ठरलें.

श्रोतेहो, यावरून हवा शुद्ध ठेवणारा कायदाच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्याच कायद्याखालीं इतरांनीं आपलीं एंजिनें चालवून दाखविलीं. धूर परत फिरविण्याची युक्तीहि खोटी नाहीं. युरियाच्या जोडीनें ती अनेकांनीं वापरली आहे. आपल्या देशांतहि १ एप्रिल २०२० पासून कडक नियम अमलांत आले आणि नव्या मालमोटारींवर युरियाची टांकी सर्रास दिसूं लागली. चूक झाली ती एकाच उपायावर सारें ओझें लादण्याची. आणि अन्याय झाला तो त्या प्रयोगाचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथीं मारण्याचा. प्रयोगावांचून विद्या वाढत नाहीं, हें खरें. पण प्रयोगशाळेंत व्हावयाचा प्रयोग कर्जबाजारी माणसाच्या मोटारींत होऊं नये.

जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट. त्या तडजोडींत ज्यांच्यापाशीं खर्चाच्या पावत्या होत्या, त्यांस मोटारीमागें १५ हजार डॉलरांपर्यंत मागतां येत होते. ज्यांच्यापाशीं कागद नव्हते, त्यांस रोख फार तर अडीच हजार. दुखणें तेंच, मनस्ताप तोच. फरक केवळ जपून ठेवलेल्या कागदांचा. आपण मोटार घेऊं वा शिवणयंत्र, हमीपत्र पैसे देण्यापूर्वीं वाचावें, आणि दुरुस्तीची प्रत्येक पावती तारखेसह जपून ठेवावी. कंपनीचें नांव कितीहि जुनें असलें तरी ह्या दोन गोष्टींस पर्याय नाहीं.