आजारी किती, आणि कितींपैकी?



पशुवैद्यकांच्या अधिवेशनातल्या अध्यक्षीय भाषणात रिक्त पदांपासून औषध खरेदीपर्यंत व्यवसायातल्या सगळ्याच प्रश्नांना स्पर्श करायची प्रथा आहे. मी मात्र हा सगळा वेळ एकाच विषयाला देणार आहे: जनावरांमध्ये रोग किती आहे, हे आपण कसं मोजतो. दर महिन्याच्या अहवालात आपण लिहितो, लाळ्या-खुरकुताची जनावरं इतकी, घटसर्पाची इतकी, गाभडलेल्या गाई-म्हशी इतक्या. संख्या खरी असते, पण एकटी ती काहीच सांगत नाही. एका तालुक्यात ४० जनावरं आजारी आणि शेजारच्या तालुक्यात १०, एवढ्यावरून पहिल्या तालुक्यात रोग चौपट आहे असं म्हणता येत नाही. पहिल्यात ८०,००० जनावरं असतील आणि दुसऱ्यात ८,०००, तर रोगाचं प्रमाण उलट दुसऱ्या तालुक्यातच अडीचपट निघतं, आणि लस आधी तिकडे जायला हवी. माझं म्हणणं एवढंच आहे की आजारी जनावरांच्या संख्येखाली ती कितींपैकी, किती काळात आणि किती शोध घेतल्यावर सापडली, हे लिहिल्याशिवाय रोग मोजला असं आपण म्हणू नये. हे लिहिणं कारकुनी काम नाही. रोगनिदान जितकं आपलं, तितकंच हेही आपलं काम आहे.

लम्पी चर्मरोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला, २०२० मध्ये तो गडचिरोलीत दिसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू झालेली साथ राज्यभर पसरली. त्या साथीत बाधित, बरे झालेले, मृत आणि लसीकरण झालेले असे आकडे रोज प्रसिद्ध होत होते, आणि मृतांना बाधितांनी भागून मृत्युदर सांगितला जात होता. साथ चालू असताना असा भागाकार दोन्ही बाजूंनी फसवतो. आज बाधित म्हणून नोंदलेल्या जनावरांतली काही पुढच्या आठवड्यात दगावणार असतात. त्यांचा मृत्यू अजून अंशात आलेला नसतो. उलट अंगावर चार गाठी येऊन आपोआप बरी झालेली गाय दवाखान्यापर्यंत येतच नाही, म्हणून छेद तोकडा राहतो. शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपयांची मदत जाहीर केली. ते योग्यच होतं. पण त्यामुळे मृत्यूची नोंद करून घेणं पशुपालकाच्या हिताचं ठरलं, आणि सौम्य आजाराची नोंद करण्यात त्याचं काहीच हित उरलं नाही. एक संख्या बारीक चाळणीतून आलेली आणि दुसरी मोठ्या भोकांच्या, अशा दोन संख्यांचा भागाकार कितीही दशांश स्थळांपर्यंत काढला तरी त्यावर विसंबता येत नाही.

प्रत्येक साथीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: लस टोचलेलीच जनावरं जास्त आजारी पडतायत. हे वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो, म्हणून त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्यासमोर हिशेब मांडावा लागतो. समजा, एका गावात १,००० गाई-बैल आहेत. त्यांतल्या ९०० जनावरांना लम्पीपासून बचावासाठी शेळ्यांच्या देवीची लस टोचली, १०० राहून गेली. साथ आली तेव्हा लस टोचलेल्यांपैकी ३६ आजारी पडली आणि राहिलेल्यांपैकी २०. दवाखान्याच्या रजिस्टरात ५६ नोंदी झाल्या, त्यांत ३६ लसवाल्या. रजिस्टर उघडून बसलेल्या माणसाला लस कुचकामी वाटणार हे उघड आहे. पण ९०० पैकी ३६ म्हणजे ४ टक्के, आणि १०० पैकी २० म्हणजे २० टक्के. लसीने आजाराचा धोका पाचपटीने कमी केला आहे, आणि हे कळतं ते फक्त ९०० आणि १०० या दोन आकड्यांमुळे. आजारी जनावरांशी त्या दोन आकड्यांचा काही संबंध नाही. रोग यायच्या आधी, गावात सगळं ठीक असताना, ते कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागतात. ते नसतील तर लस चांगली असूनही तिची बाजू मांडता येत नाही, आणि पुढच्या फेरीला गोठ्याचं दार बंद मिळतं.

छेदाइतकंच काळाचं महत्त्व आहे. प्रिव्हेलन्स आणि इन्सिडन्स यांतला फरक आपण पहिल्या वर्षी पाठ करतो आणि अहवाल लिहिताना विसरतो. आज, या क्षणी किती जनावरं बाधित आहेत, हा एक प्रश्न. वर्षभरात किती नवी जनावरं बाधित झाली, हा दुसरा. घटसर्पाने म्हैस एका-दोन दिवसांत जाते. पावसाळ्यात कुठल्याही एका दिवशी सर्वेक्षण केलं तर घटसर्पाची जनावरं जवळपास सापडणारच नाहीत, मग त्या हंगामात गावातल्या कितीही म्हशी गेलेल्या असोत. ब्रुसेलोसिसचं नेमकं उलट आहे: एकदा बाधा झाली की ती बहुधा जन्मभर राहते, त्यामुळे नवी बाधा थांबल्यावरही सर्वेक्षणातला आकडा वर्षानुवर्षं वर राहतो. वासरांच्या लसीकरणाचं यश दोन वर्षांतल्या प्रिव्हेलन्सवरून तपासायला निघालो तर चांगला कार्यक्रम अपयशी ठरेल. एक गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते. ब्रुसेलोसिसने गाभडलेली म्हैस आठवडी बाजारात विकून टाकली की आपल्या तालुक्याचं प्रमाण खाली येतं. नव्या बाधेची नोंद न ठेवता केवळ आजची टक्केवारी पाहणारा अधिकारी त्याला सुधारणा म्हणेल, आणि रोग दुसऱ्या तालुक्यातल्या गोठ्यात पोचलेला असेल.

चाचण्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की आपण प्रश्न विचारणं थांबवतो. १,००० गाईंत २० गाईंना खरोखर ब्रुसेलोसिस आहे, म्हणजे २ टक्के. चाचणी बाधित गाईंपैकी ९५ टक्के पकडते आणि निरोगी गाईंपैकी ९५ टक्के सोडून देते, असं धरू. २० पैकी १९ सापडतील. पण ९८० निरोगी गाईंपैकी ४९ सुद्धा पॉझिटिव्ह येतील. अहवालात दिसतील ६८, म्हणजे ६.८ टक्के, खऱ्यापेक्षा तिपटीहून अधिक. त्यात लहानपणी ब्रुसेलोसिसची एस-१९ लस टोचलेल्या गाईच्या रक्तात प्रतिपिंडं राहिलेली असतील तर घोळ आणखी वाढतो. रोगन आणि ग्लॅडन यांनी १९७८ मध्ये दिलेल्या साध्या सूत्राने ६.८ वरून पुन्हा २ पर्यंत येता येतं. त्यासाठी चाचणीची दोन्ही वैशिष्ट्यं माहीत असावी लागतात आणि अहवालात लिहावी लागतात. सर्वेक्षणासाठी हे पुरेसं आहे. पण त्या ६८ गाईंच्या मालकांना सूत्र ऐकवून भागणार नाही. त्यांतल्या ४९ जणांची गाय निरोगी आहे. दुसऱ्या, अधिक नेमक्या चाचणीशिवाय त्यांना गाय वेगळी करा किंवा काढून टाका असं सांगणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

मोजणीने काय साधतं याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १८८९ मध्ये पुण्यात इम्पिरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला गेली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून वाढली. तिच्या कामाच्या केंद्रस्थानी बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग होता. लस मिळाली, दशकानुदशकं टोचली गेली, रोग खूप कमी झाला. पण संपला नाही. १९९२ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाल्यावर कामाचं स्वरूपच बदललं. गावोगावी जाऊन आणि जनावरांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर रोग शोधला जाऊ लागला, आणि पुढे लस थांबवली गेली. लस थांबवल्याशिवाय रक्तातली प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे कळणार नव्हतं. हे धाडस शोध घेणारी यंत्रणा उभी होती म्हणूनच करता आलं. १९९५ नंतर देशात रोग आढळला नाही, २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचं पशुआरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलं, आणि २०११ मध्ये सारं जगच मुक्त जाहीर झालं. १९९५ ते २००६ हा काळ नीट पाहा. त्या अकरा वर्षांत रोग नव्हता. काम होतं ते तो नाही हे दाखवण्याचं.

शून्य ही सुद्धा मोजणीच आहे, आणि तिलाही छेद लागतो. ३० जनावरं तपासली आणि एकही बाधित निघालं नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की रोग १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ३०० तपासून शून्य आलं तर मर्यादा १ टक्क्यावर येते. तीही ३०० जनावरं वेगवेगळ्या गावांतून, नियमाने निवडलेली असतील तर. एकाच मोठ्या गोठ्यातली ३०० असतील तर आपण तो एक गोठा तपासला, जिल्हा नव्हे. मासिक अहवालातल्या "निरंक" या शब्दामागे ३०० जनावरं आहेत, ३० आहेत की कुणीच कुठे गेलं नव्हतं, हे आज वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा, आणि तो रास्त आहे. एका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार, कृत्रिम रेतनाचं उद्दिष्ट, लसीकरणाच्या फेऱ्या. त्यात ही मोजणी कधी करायची? सगळीकडे, सगळ्या रोगांची मोजणी करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेली मोजकी गावं घ्यावीत आणि तिथे वर्षभर दोन-तीन रोगांचा नीट पाठपुरावा करावा. शेकडो गावांच्या अर्धवट नोंदींपेक्षा त्यातून जास्त कळेल. छेदासाठीही शून्यापासून सुरुवात करायला नको. कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्यामागची नोंद आता आहे. फक्त विकलेल्या, दगावलेल्या जनावराचा बिल्ला नोंदीतून निघाला पाहिजे. नाहीतर छेद फुगत जातो आणि रोग कमी झाल्याचा भास होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपली जनावरं एका जागी राहत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडचे बैल गाडीसह पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात, धनगरांचे कळप दिवाळीनंतर वाट धरतात. पशुगणना तर २०१२ नंतर २०१९ मध्ये झाली आणि पुढची २०२४ च्या अखेरीस सुरू झाली. मधल्या वर्षांत छेद धरायचा कोणता? यावर उत्तर आहे. जनावरं मोजण्याऐवजी जनावरांचे महिने मोजावेत. एखादा बैल पाच महिने कारखान्यावर आणि सात महिने गावी असेल, तर कारखान्याच्या छेदात त्याचे पाच महिने धरायचे आणि गावाच्या छेदात सात. हिशेब किचकट आहे हे मान्य. पण ते स्थलांतरच रोग वाहून नेत असेल, तर ते हिशेबातून वगळून आपण रोगाची वाटच नजरेआड करतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. शोध घेतला की आकडे वाढतात, आकडे वाढले की बाजार बंद होतात, दुधाचा भाव पडतो आणि अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. ही भीती खरी आहे. युरोपात २००१ मध्ये 'मॅड काऊ' रोगासाठी कत्तलखान्यांत मोठ्या प्रमाणावर सक्तीची तपासणी सुरू झाली आणि तोवर स्वतःला मुक्त समजणाऱ्या ऑस्ट्रिया, फिनलंडसारख्या देशांतही त्याच वर्षी रोग सापडला. युरोपीय संघात त्या वर्षी दोन हजारांहून अधिक जनावरं बाधित निघाली. २०१३ पर्यंत ही संख्या एक अंकी झाली, आणि दरवर्षी लाखो जनावरं तपासली जात होती म्हणूनच जगाने त्या घटीवर विश्वास ठेवला. जो अधिकारी शोध घेऊन रोग वर काढतो त्याला नोटीस मिळत असेल आणि "निरंक" लिहिणाऱ्याला शाबासकी, तर दोष त्या अधिकाऱ्यांचा नाही, बक्षीस-शिक्षेच्या पद्धतीचा आहे, आणि ती बदलणं वरिष्ठांच्या हातात आहे.

म्हणून या अधिवेशनाने एक ठराव करावा अशी माझी विनंती आहे. मासिक रोग अहवालाच्या नमुन्यात प्रत्येक रोगापुढे तीन रकाने वाढवावेत: त्या महिन्यात कार्यक्षेत्रात असलेली जनावरं, प्रत्यक्ष तपासलेली जनावरं आणि वापरलेली चाचणी. निरंक अहवाल तपासलेल्या जनावरांची संख्या लिहिल्याशिवाय स्वीकारू नये. चिठ्ठीने निवडलेल्या गावांतून निघालेली प्रमाणं त्या गावांच्या ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचून दाखवावीत, कारण जनावरं त्यांची आहेत आणि नोंदही त्यांनीच दिलेली आहे. ठरावाचा मसुदा कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, विशेषतः तालुका पातळीवर काम करणाऱ्यांनी.