पिंपांतील थंडावा

उन्हांत तापलेली गोळीसोड्याची बाटली फोडतांच निम्मा सोडा अंगावर उसळल्याचें श्रोत्यांपैकीं पुष्कळांना स्मरत असेल. बीअरच्या पिंपाचें शास्त्र याहून निराळें नाहीं. मात्र तेथें एका बाटलीऐवजीं 50 लिटर पेय पणास लागलेलें असतें.

पुण्यांत 2009 सालीं ‘डूलाली’ ही सूक्ष्म मद्यशाळा निघाली. भारतांतील आरंभींच्या अशा मद्यशाळांत तिची गणना होते. नाशिकजवळच्या देवळालीच्या नांवाचा गोऱ्या शिपायांनीं जो अपभ्रंश केला, तोच हा शब्द. सूक्ष्म मद्यशाळांतील ताजी बीअर बहुधा पाश्चरीकरण न करतांच पिंपांत भरतात. तिला ऊब सोसत नाहीं. आणि समारंभाच्या दिवशीं दुपारीं आलेलें पिंप संध्याकाळीं उघडूं पाहणारा यजमान हमखास फसतो.

याचें कारण असें. कार्बन डायॉक्साइड वायूचा दाब वातावरणाइतका असतां, शून्य अंशावरील एक लिटर पाण्यांत तो सुमारें 1.7 लिटर विरघळतो. 20 अंशांवर जेमतेम 0.9 लिटर. बीअरचाहि स्वभाव तोच. ती कोमट असली कीं तोटी उघडतांच वायु सुटतो आणि पेल्यांत पेयाऐवजीं फेस भरतो.

आतां बर्फाचा हिशेब. 50 लिटर बीअर 30 अंशांवरून 4 अंशांवर आणावयाची, तर तिच्यांतून सुमारें 1,300 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळतांना सुमारें 80 किलोकॅलरी शोषून घेतो. म्हणजे 16 किलोंहून अधिक बर्फ केवळ बीअरसाठींच खर्ची पडतो. वैशाखांतल्या हवेनें वितळेल तो निराळाच. तेव्हां 25 किलो आणलेला बरा.

बर्फाचे खडे पिंपाला ठिकठिकाणींच टेकतात, मध्यें हवा राहते. यास्तव टबांत पाणी घालून तें बर्फासह पिंपाच्या खांद्यापर्यंत चढवावें. केवळ बुडाशीं बर्फ ठेवणें ही मोठी चूक होय. गार झालेली बीअर जड असल्यानें तळाशींच बसते आणि वरची कोमटच राहते. पिंपांतील नळी तळची बीअर उचलीत असल्यामुळें पहिले पेले उत्तम निघतात, यजमान निश्चिंत होतो, आणि मैफल रंगांत आल्यावर फेस सुरू होतो. थंडावा वरूनहि मिळाला, तर गार बीअर खालीं उतरते व कोमट वर येते. यास कित्येक तास लागतात. पिंप हलवून तें काम लवकर उरकूं नये.

आणखी एक गोष्ट खास पुणेकरांची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें 560 मीटर उंच असल्यानें येथील हवेचा दाब मुंबईहून सुमारें 6 टक्के कमी असतो. म्हणून दाबमापकावर समुद्रसपाटीच्या तक्त्यांतील आंकड्यापेक्षां चौरस इंचास सुमारें एक पौंड दाब अधिक ठेवावा.

मद्यशाळेंत कित्येक दिवस जोपासलेलें पेय शेवटच्या घटकेच्या उतावळेपणामुळें फेस होऊन मोरींत जातें. सकाळीं लावलेला बर्फच संध्याकाळीं यजमानाची लाज राखतो.